ओढ्याकांठची जमीन

शहर वाढूं लागलें कीं त्याच्या वेशीबाहेरच्या माळावर प्रथम मोजणीदार येतात, मग खुंट्या रोवल्या जातात आणि अखेरीस नव्या वसाहतीचा सुबक नकाशा प्रसिद्ध होतो. त्या नकाशावर रस्ते असतात, बगीचे असतात, घरांचे क्रमांक असतात; मात्र त्या भूमीचें पूर्वचरित्र नसतें. तें वाचल्यावांचून घर बांधणें किती महाग पडतें, हें दाखविण्यासाठीं पुण्याच्या आंबील ओढ्याचें उदाहरण आज आपणांपुढें ठेवीत आहें.

कात्रजच्या डोंगरांत उगम पावणारा हा ओढा उत्तरेकडे वाहत येतो, पर्वतीचा पायथा गांठतो आणि मुठेस मिळतो. परंतु त्याचा शेवटचा मार्ग निसर्गानें आंखलेला नव्हे. आज जेथें दाट पेठा आहेत, त्या भागांतून तो पूर्वी वाहत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास पुणें राजकारणाचें केंद्र बनलें, वस्ती वाढली आणि नानासाहेब पेशव्यांनीं ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविला. मोकळ्या झालेल्या भूमीवर शहर पसरलें. म्हणजे ओढ्याची जागा वस्तीस देण्याचा प्रघात आजकालचा नव्हे. तो अडीचशें वर्षांहून जुना आहे.

तथापि त्या पिढीनें ओढा नुसता हटविला नाहीं. त्याच्या पाण्याची सोयही लावली. सुमारें १७५० सालीं कात्रज येथें त्याच प्रवाहावर तलावांचें काम हातीं घेण्यांत आलें. तेथील पाणी भुयारी नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरांतील हौदांपर्यंत खेळविलें. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवले. पर्वतीच्या पायथ्याशीं एक तळेंही होतें. त्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७८४ सालीं, गणपतीचें देऊळ उभें राहिलें. पुढें विसाव्या शतकांत तळें बुजवून तेथें बाग झाली. ‘तळ्यांतला गणपति’ हें नांव तेवढें उरलें; पाणी सांठण्याची जागा मात्र गेली.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेच्या कांठचे सहस्रावधि संसार उघड्यावर पडले. पूरग्रस्तांसाठीं शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकीं कांहीं सहकारनगराच्या परिसरांत, म्हणजे याच आंबील ओढ्याच्या खोऱ्यांत होत्या. निवारा तातडीनें देणें हें त्या वेळीं कर्तव्यच होतें. त्याबद्दल कोणास दोष देतां येणार नाहीं. परंतु पुढील दशकांत घरांमागून घरें वाढत ओढ्याच्या अगदीं तीरापर्यंत आलीं आणि पात्र अरुंद झालें.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं मुसळधार पावसानें ओढा काठ सोडून वाहूं लागला. सीमाभिंती कोसळल्या, वाहनें वाहून गेलीं. शहरांत व आसपास त्या पावसानें वीसांहून अधिक माणसांचे बळी घेतले. वर्षांतले कित्येक महिने ज्याची क्षीण धार दिसते, त्या ओढ्यानें एका रात्रींत आपलें जुनें रूप दाखविलें. याचें कारण गूढ नाहीं. मोकळ्या मातींत मुरणारें पाणी फरसबंदीवर मुरत नाहीं. तें सारें एकदम पात्राकडे धांवतें आणि पात्र आधींच आकसलेलें असतें.

हा इतिहास केवळ पुण्याचा समजूं नये. गांवोगांवच्या वेशीबाहेर असे ओढे व नाले आहेत. म्हणून नव्या वसाहतींत भूखंड घेण्यापूर्वी गृहस्थानें तीन गोष्टींची चौकशी करावी: जुन्या मोजणी-नकाशांत त्या जागीं पाण्याची खूण आहे काय, वरच्या अंगाचें पाणी कोणत्या वाटेनें उतरतें, आणि भर पावसाळ्यांत ती जमीन कशी दिसते. जमिनीचा भाव विक्रेता सांगेल, पण तिचा स्वभाव तेथील वृद्ध शेतकरीच सांगूं शकेल. अर्थात् ज्याच्या पदरीं निवड करण्याची ऐपत नाहीं, तो बिचारा मिळेल त्या कांठावर झोपडी घालतो आणि पुराचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. त्याच्या वतीनें ही चौकशी करणें हें नगरपालिकेचें काम आहे व तिला त्याची आठवण करून देणें हें आपणां सुशिक्षित नागरिकांचें. पाण्याची वाट मोकळी राखून उरलेल्या भूमीवर घरें बांधणें, हाच खरा नगररचनेचा पहिला धडा होय.