ऑक्टेन अंकाचा इतिहास आणि पठारी प्रदेश : शिसे ते इथेनॉल

प्रस्तावना :
पेट्रोल इंजिनात ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णतेने आपोआप पेटले की नॉकिंग होते. ते रोखण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. आयसोऑक्टेनला 100, तर नॉर्मल हेप्टेनला 0 अंक दिलेला आहे. हिंगोली जिल्ह्यातील साखरा परिसरासारख्या पठारी प्रदेशाच्या संदर्भात या अंकाच्या इतिहासाचा आढावा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय.

उंची आणि नॉकिंग :
समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण 5 टक्क्यांनी, तर महाबळेश्वराच्या सुमारे 1,350 मीटर उंचीवर 15 टक्क्यांनी कमी असतो. टर्बोचार्जर नसलेले इंजिन अशा ठिकाणी कमी हवा घेते, सिलिंडरमधील दाब घटतो आणि कमी ऑक्टेनचे इंधनही पुरते. तेच वाहन कोकणात उतरले की ऑक्टेनची गरज वाढते. म्हणजेच अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक शक्ती, हा समज अपुरा आहे.

शिशाचा पर्याय :
1921 साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल शिशाचा नॉकिंगरोधक गुण आढळला. अल्कोहोलचा असाच गुण तेव्हाही ज्ञात होता. परंतु शिशाची मात्रा अत्यल्प लागे व त्यावर एकस्व मिळत होते. शिसे विषारी असूनही तेच रूढ झाले. भारतात 1995 साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, तर 1 फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर लागू झाले.

मळीपासून इथेनॉल :
भारतात 1948 सालीच पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता. त्यानंतर लवकरच, 1950 च्या सुमारास, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे राज्यात कारखानदारी वाढून मळीची उपलब्धताही वाढली. तरीही पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग मिरज व मनमाड येथे 2001 साली झाले. 1 जानेवारी 2003 पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रणाचे धोरण लागू झाले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक 100 हून अधिक असला, तरी प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते.

निष्कर्ष :
नॉकिंगवरील निर्धोक उपाय ज्ञात असूनही तो व्यवहारात येण्यास सुमारे आठ दशके लागली. शिशाची किंमत नागरिकांच्या आरोग्याने मोजली. उसापासूनच्या इथेनॉलची किंमत पाण्याने मोजावी लागते. अवर्षणप्रवण मराठवाड्यात ऑक्टेनचा विचार करताना पाण्याचा हिशेब वगळता येणार नाही.