जनित्र मर्यादा (मॅटपॉवर)

जनित्र मर्यादा म्हणजे मॅटपॉवर या मुक्तस्रोत संगणकप्रणालीत प्रत्येक विद्युत जनित्राच्या उत्पादनावर घातलेली किमान व कमाल बंधने होत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेली ही प्रणाली वीजजाळ्यातील भारप्रवाह व इष्टतम भारप्रवाह यांची गणिते सोडवते.

मांडणी

जनित्र-सारणीत प्रत्येक जनित्रासाठी एक ओळ असते. स्तंभ ४ व ५ मध्ये प्रतिघाती शक्तीची कमाल व किमान मर्यादा मेगाव्हारमध्ये, तर स्तंभ ९ व १० मध्ये सक्रिय शक्तीची कमाल व किमान मर्यादा मेगावॅटमध्ये नोंदवतात. जनित्र चालू आहे की बंद, हे स्तंभ ८ दर्शवतो. दोन्ही सक्रिय मर्यादा समान ठेवल्यास उत्पादन स्थिर राहते.

परिणाम

इष्टतम भारप्रवाहात या मर्यादा बंधनकारक असतात. साध्या भारप्रवाहात मात्र प्रतिघाती मर्यादा आपोआप लागू होत नाहीत. तसा पर्याय न निवडल्यास उत्तरात जनित्राच्या क्षमतेबाहेरचे मूल्य येऊ शकते. सक्रिय शक्तीची किमान मर्यादा शून्याहून अधिक असल्यास चालू जनित्राला मागणी कमी असतानाही तेवढी वीज निर्माण करावी लागते. अशा किमान मर्यादांची बेरीज मागणी व वहनहानी यांहून जास्त झाल्यास गणिताला उत्तरच उरत नाही. महागडी जनित्रे बंद करण्याचा निर्णय घेणारी आज्ञा स्वतंत्र आहे.