पाळी चुकते, आणि कारण कणकेत? सिलिअ‍ॅकचा मोठा इतिहास

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण यात राजे नाहीत की लढाया नाहीत. एक आजार आहे, एक धान्य आहे आणि बायकांची पाळी आहे. या तिघांचा संबंध लक्षात यायला डॉक्टरांना इतका वेळ का लागला, ते आज बघू. कारण तो उशीर अजून पूर्ण संपलेला नाही.

आधी बेसिक गोष्ट. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळेच. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने ते खाल्लं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्न शोषून घेणारे आतले बारीक उंचवटे सपाट होतात. मग जेवण पोटात जातं, पण अंगी लागत नाही.

साधारण दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाचा वैद्य अ‍ॅरिटिअसने अशाच आजाराचं वर्णन केलं. ग्रीकमध्ये पोटाला 'कोइलिया' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. गंमत म्हणजे हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

नंतर 1888 मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी यावर प्रसिद्ध लेख लिहिला. आजार कुठल्याही वयात होतो, पण एक ते पाच वर्षांच्या मुलांना विशेष होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त दुसरं वाक्य. सिलिअ‍ॅक म्हणजे पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे झालेलं लहान मूल, हेच चित्र पक्कं झालं. 1924 मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास अशा मुलांना केळी खायला घालून बरं करत होते. ब्रेड बंद होता म्हणून मुलं सुधारत होती, पण श्रेय केळ्याला मिळालं!

खरा गुन्हेगार सापडला नेदरलँड्समध्ये. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना 1930च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण दुष्काळ पडला. ब्रेड मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. आणि नेमकी सिलिअ‍ॅकची मुलं सुधारत होती. पाव परत आला, तसा आजारही परतला. डिके यांचा प्रबंध 1950 मध्ये आला आणि पथ्य ठरलं: गहू बंद.

पण या सगळ्यात पेशंट कोण? मूल. पाळीचा प्रश्न लहान मुलाच्या केसपेपरवर येणारच नव्हता. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर बग होता, पण लॉगमध्ये तो कॉलमच नव्हता.

1950च्या दशकात तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासता येऊ लागला आणि मोठ्या माणसांचंही निदान व्हायला लागलं. 1970 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा रिपोर्ट आला. मूल होत नसलेल्या तीन सिलिअ‍ॅक बायकांनी ग्लूटेन सोडलं आणि त्यांना दिवस गेले. पुढे इतर देशांतूनही निरीक्षणं आली: पहिली पाळी उशिरा येणं, मधेच महिनोन्‌महिने बंद होणं, रजोनिवृत्ती लवकर येणं. 2010 च्या एका इटालियन अभ्यासात 62 सिलिअ‍ॅक बायकांची 186 निरोगी बायकांशी तुलना केली. पाळी बंद होण्याचं प्रमाण एकीकडे 19.4 टक्के, दुसरीकडे 2.2 टक्के.

असं का होतं? लोह, फोलेट, झिंक शोषलं जात नाही, वजन घटतं. शरीरात पुरेशी शिबंदी नाही हे मेंदूला कळलं की तो बीजकोशांकडे जाणारे हार्मोनचे सिग्नल कमी करतो. बीज तयार होत नाही, पाळी लांबते. आजाराच्या सुजेचाही यात वाटा असावा असं मानतात.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमधल्या 2005 च्या एका मोठ्या अभ्यासात सिलिअ‍ॅक बायकांना एकूण मुलं इतरांइतकीच झालेली दिसली, फक्त थोडी उशिरा. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. आणि सिलिअ‍ॅक नसताना नुसत्या 'ग्लूटेन सोसत नाही' या त्रासाचा पाळीशी संबंध असल्याचा पुरावा खूप कच्चा आहे. रील बघून पाळीसाठी चपाती सोडू नका.

उलट, संशय असेल तर गहू खात असतानाच तपासणी करा. टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी असते. आधीच गहू सोडला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. निदान झालंच, तर आपल्या ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकरीत ग्लूटेन नसतं. फक्त दळण वेगळं ठेवा आणि हिंगाची डबी वाचा, कारण बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नाही, वजन कमी होतंय आणि पाळी चुकतेय, अशी कुणी मैत्रीण, बहीण असेल तर 'टेन्शन घेतेस म्हणून होतंय' एवढ्यावर तिला गप्प बसवू नका. डॉक्टरांना या तिन्ही गोष्टी एकत्र सांगायला सांगा. बऱ्याचदा त्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे विखुरलेल्या असतात.

आजचा एपिसोड तिला नक्की पाठवा.