जुन्या इंजिनाला नवा भाता

लोहाराच्या भट्टीत कोळसा तोच असतो. पण भात्याचा दांडा हलू लागला की त्याच कोळशातून लोखंड लाल करणारी आच निघते. नुसता कोळसा वाढवून जे साधत नाही ते वारा वाढवून साधते, ही गोष्ट खेड्यातला लोहार पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. मोटारीच्या इंजिनाचे मर्मही याहून फारसे निराळे नाही. पेट्रोल नीट जळावयाचे तर त्याच्या वजनाच्या सुमारे चौदा-पंधरा पट हवा त्यास लागते. पेट्रोल हवे तितके आत सोडता येते; अडते ते हवेपाशी. सिलिंडरात दट्ट्या खाली सरकला म्हणजे जी पोकळी होते, तिच्यात बाहेरची हवा आपण होऊन जेवढी शिरेल, तेवढ्यावर इंजिनाचे बळ ठरते. ही हवा दाबून आत घालणारा, इंजिनाच्याच शक्तीवर चालणारा भाता म्हणजे सुपरचार्जर. १९५४ साली अमेरिकेतील एका कंपनीने आपल्या घरगुती मोटारीच्या वयोवृद्ध इंजिनाला असा भाता जोडला, तो शर्यती जिंकण्याच्या हौसेने नव्हे, तगून राहण्यासाठी.

भात्याची कल्पना मोटारीहूनही जुनी आहे. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० साली आपल्या फिरत्या पात्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे त्याचा उपयोग धातू वितळविण्याच्या भट्ट्यांना वारा पुरविण्यासाठी झाला. म्हणजे लोहाराच्या भात्याशी त्याचे नाते केवळ उपमेचे नाही. १९२१ साली जर्मनीत मर्सिडीजने असे यंत्र बसविलेल्या गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या, आणि १९२३ मध्ये इटलीतील मोंझा येथे भाता लावलेल्या फियाट गाडीने ग्रां प्री शर्यत जिंकली. तेव्हापासून सुपरचार्जर म्हटले की शर्यतीची धूळ आणि धनिकांचा षोक हेच डोळ्यांपुढे येऊ लागले. मध्यम किमतीच्या गाडीत तो बसविण्याचे धाडस १९३४ साली अमेरिकेतील ग्रॅहॅम-पेज कंपनीने केले. तिच्या आठ सिलिंडरांच्या गाडीस त्यामुळे १३५ अश्वशक्ती लाभली. महायुद्धाच्या सुमारास ती कंपनी मोटारींच्या धंद्यातून बाहेर पडली, आणि १९४४ मध्ये तिची सूत्रे जोसेफ फ्रेझर यांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी फ्रेझर यांनी हेन्री कैसर यांच्याशी भागीदारी केली.

हे कैसर म्हणजे विलक्षण पुरुष. हूव्हर धरणाच्या बांधकामात त्यांचा मोठा वाटा होता. महायुद्धात त्यांच्या कॅलिफोर्नियातील गोदीत एक मालवाहू जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले होते. ज्याने जहाजे अशी बांधली त्यास मोटारींचे काय अवघड, असे लोकांस वाटले. आणि कदाचित त्यांनाही वाटले असावे. मिशिगनमधील विलो रनचा प्रचंड कारखाना त्यांनी घेतला. युद्धकाळात गाड्या बनत नव्हत्या, त्यामुळे लोक मिळेल ती गाडी घ्यावयास उत्सुक होते. १९४७ व १९४८ या दोन्ही साली कंपनीने लाखाहून अधिक गाड्या बनविल्या.

पण या गाड्यांच्या पोटात जे इंजिन होते ते काही कैसर यांच्या कल्पनेतून निघालेले नव्हते. कॉन्टिनेन्टल कंपनीच्या साध्या, दणकट घराण्यातले ते सहा सिलिंडरांचे इंजिन होते, आकारमान ३.७ लिटर, बळ प्रारंभी १०० अश्वशक्ती. त्याच्या झडपा सिलिंडराच्या माथ्यावर नसून कडेला होत्या. अशा रचनेत आत येणाऱ्या हवेस आधी वर चढावे लागते, मग वळून सिलिंडरात उतरावे लागते. चाळीतल्या अरुंद जिन्यासारखा हा प्रकार. येणारे-जाणारे थोडे असले तर काही अडत नाही, गर्दी झाली की खोळंबा. इंजिन मिनिटास ३,९०० फेरे घेऊ लागले म्हणजे हिशेबाप्रमाणे त्यास दर मिनिटाला सात हजार लिटरांहून अधिक हवा हवी. वाटेतल्या वळणांमुळे ती पुरती पोहोचत नाही.

१९४९ साली ओल्ड्समोबिल व कॅडिलॅक या गाड्यांना माथ्यावर झडपा असलेली आठ सिलिंडरांची नवी इंजिने मिळाली. कॅडिलॅकचे बळ १६० अश्वशक्ती होते. १९५१ मध्ये क्रायस्लरने १८० ची मजल गाठली. नेमक्या याच काळात कैसर-फ्रेझर कंपनीत मतभेद माजला. १९४९ साली प्रतिस्पर्ध्यांचा नवा माल बाजारात येत असता आपले उत्पादन आवरते घ्यावे, असे फ्रेझर यांचे मत होते. कैसर मंडळींस माघार ठाऊक नव्हती. गाड्या विकल्या न जाता साचल्या, सरकारी वित्तसंस्थेकडून कर्ज काढावे लागले. आणि त्यातला पैसा ‘हेन्री जे’ नावाच्या लहान, स्वस्त गाडीत गेला. १९५१ ची मोठी कैसर गाडी हॉवर्ड डॅरिन यांच्या रेखाटनावर बेतलेली होती आणि दिसावयास खरोखर देखणी होती. पण नवे इंजिन घडविण्यास पैसा उरला नव्हता. त्या सुंदर देहात तेच जुने इंजिन राहिले. बारीकसारीक सुधारणा करून ते १९५३ पर्यंत कसेबसे ११८ अश्वशक्तीवर आले होते. आणि १९५४ मध्ये तर सामान्य माणसाच्या फोर्ड गाडीलाही १३० अश्वशक्तीचे माथ्यावरच्या झडपांचे नवे इंजिन मिळाले.

अशा वेळी रॉबर्ट मॅकुलॉक यांचा भाता उपयोगी पडला. लाकूड कापण्याच्या यंत्रकरवती विकून संपत्ती मिळविणाऱ्या या गृहस्थांनी पुढे १९६८ साली लंडनचा पूल विकत घेऊन तो ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभारला. यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी. फोर्ड गाड्यांसाठी सुपरचार्जर तर त्यांनी महायुद्धापूर्वीच बनविले होते. त्यांच्या नव्या यंत्रात रूट्स बंधूंची पाती नव्हती. वेगाने फिरून हवा कडेला फेकणारा एक पंखा होता. इंजिनाच्या पट्ट्याने त्यास गती मिळे, आणि आतील पोलादी गोळ्यांच्या रचनेने ती आणखी चौपटीहून अधिक वाढे. खरी खुबी पट्ट्याच्या कप्पीत होती. तिची रुंदी कमी-जास्त होत असल्याने गाडी संथ चालली असता पंखा हळू फिरे. चालकाने पाय दाबून पूर्ण बळ मागितले म्हणजेच तो पुरत्या वेगाने फिरे. रोजच्या प्रवासात व्यर्थ पेट्रोल जळू नये, ही घरगुती गाडीतली काटकसर त्यात पाळलेली होती.

भाता जोडला म्हणजे झाले, असे मात्र नव्हे. हवा दाबली की ती तापते, आणि तापलेले मिश्रण सिलिंडरात ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच स्फोटासारखे पेटू शकते. मग इंजिनातून ठोके ऐकू येतात. ते ऐकूनही जो पाय उचलत नाही त्याचे दट्ट्ये फुटतात. शिवाय या रचनेत दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून जात असे. तेव्हा तो चोहोकडून बंदिस्त पाहिजे, आणि पेट्रोलाचा पंपही त्या दाबावर मात करणारा पाहिजे. नाही तर ऐन गरजेच्या क्षणी हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरे, अशी उलटी अवस्था व्हायची. जुन्या इंजिनाचे बेअरिंग, दांडे, माथ्याखालची गॅस्केट हे सारे मूळच्या बळाच्या हिशेबाने केलेले असते. पुष्कळ हौशी लोकांनी आपल्या जुन्या गाड्यांना भाता लावून इंजिनाची राख केली ती याच विसरामुळे. कैसरच्या अभियंत्यांनी हाव धरली नाही. दाब अगदी बेताचा ठेवला, आणि ११८ चे १४० झाले. बावीस अश्वशक्तींची ही कमाई आकड्यात लहान दिसते. पण ज्या इंजिनाचा वंश मूळचा कष्टकरी, त्याच्याकडून जवळजवळ एकपंचमांश अधिक काम काढणे आणि तेही त्याचा जीव न घेता, हे कौशल्यच म्हणावयास हवे. कागदावर तरी नव्या फोर्डला या म्हाताऱ्याने मागे टाकले होते.

गिऱ्हाइकाला मात्र कागद पाहावयाचा नव्हता. त्याला आठ सिलिंडरे हवी होती, आणि पुढील वर्षी गाडी विकावयास काढली तर कंपनी जागेवर असेल याची खात्री हवी होती. त्यातच फोर्ड आणि शेव्हरोले यांच्यात विक्रीची अशी चुरस लागली की त्या दोन हत्तींच्या झुंजीत लहान कंपन्या चिरडल्या गेल्या. १९५३ मध्येच विलो रनचा कारखाना जनरल मोटर्सला विकला गेला होता. त्याच वर्षी कैसर यांनी विलिस कंपनी विकत घेतली आणि आपले काम ओहायोतील टोलेडोला हलविले. ज्या जीपगाडीची जुळणी महिंद्र कंपनी त्यापूर्वीच मुंबईत करू लागली होती, तिचीच ही विलिस. जीप चालली, देखणी मॅनहॅटन गाडी चालली नाही. १९५५ साली कैसर यांनी अमेरिकेत घरगुती मोटारी बनविणे बंद केले.

मॅकुलॉकच्या भात्याचा यात दोष नव्हता. १९५६ ची स्टुडबेकर कंपनीची ‘गोल्डन हॉक’ गाडी ५.८ लिटरचे अवजड पॅकार्ड इंजिन वाहत असे, आणि त्या भाराने तिचे नाक जड झाले होते. १९५७ मध्ये त्या जागी कंपनीने स्वतःचे ४.७ लिटरचे इंजिन बसवून त्यास हाच भाता जोडला. बळ दोन्ही वर्षी २७५ अश्वशक्तीच राहिले.

मॅनहॅटन गाडीचे साचे आणि यंत्रे जहाजात घालून अर्जेंटिनास पाठविण्यात आली. तेथे कोर्दोबा शहराजवळ सांता इसाबेल येथे कैसर यांच्या नव्या कारखान्यातून १९५८ पासून तीच गाडी ‘काराबेला’ या नावाने बाहेर पडू लागली, ती १९६२ पर्यंत. इंजिनही तेच होते, कडेच्या झडपांचे, सहा सिलिंडरांचे. भाता तेवढा काढून टाकला होता.