त्वचेखालील औषधाची वाट

खानदेशचे १९०६ साली विभाजन होऊन पूर्वेचे ठाणे जळगावी व पश्चिमेचे धुळ्यास कायम होण्यापूर्वी, हा अविभक्त जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात मोडत असे, तेथील रयतेस त्वचेखाली औषध घालण्याच्या विद्येचा मोठा परिचय झाला तो प्लेगच्या लशीने. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगवून त्यांखाली वाढविलेले जंतू उष्णतेने मारून वाल्देमार हाफकिन यांनी सिद्ध केलेली ही लस १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्रथम स्वतःसच टोचून घेतली. परंतु ती पोलादी सुई क्षणात बाहेर पडे, म्हणून तिच्या काठिण्याची फिर्याद फारशी उद्भवली नाही.

१९२२ साली रुग्णास प्रथम दिलेले इन्शुलिन पुढे पंपाने अहोरात्र देण्याचा प्रघात पडला, तेव्हा मात्र देहात दिवसचे दिवस राहणारी वाट मृदू असणे अगत्याचे ठरले. टेफ्लॉनची बारीक नळी सुईवर चढवून आत सारावयाची, सुई काढून घ्यावयाची आणि सहा ते नऊ मिलिमीटरांची नळी तेवढी त्वचेखालच्या चरबीत ठेवावयाची, ही ती युक्ती. नळी फार मऊ असल्यास मुडपून औषध अडते, फार ताठ असल्यास सलते. शिवाय दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी लागते ती निराळीच.

केळीच्या मुळाशी ठिबकाने पाणी देणाऱ्या जळगावच्या शेतकऱ्यास हे तत्त्व नवे वाटू नये: ठरलेले माप, ठरल्या जागी, तुंबल्यावाचून पोचले पाहिजे.