गाडीतला वास: बैलगाडीपासून पिकअपपर्यंत

गाडीला वास लागतो तो आधी मालाचा, मग माणसांचा. जुन्नर तालुक्यातले खोडद रेडिओ दुर्बिणीमुळे जगभर पोचले असले, तरी परिसर शेतीचा आहे आणि इथल्या वाहनांना टोमॅटो, कांदा, दूध आणि चारा यांचीच संगत. बैलगाडीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. गाडी उघडी, तळाला कडबा नाहीतर गोणपाट. कडबा बदलला की वासही गेला. कोंदटपणा सुरू झाला तो बंद टपाच्या वाहनापासून.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी धावली. सुरुवातीच्या गाड्यांचा सांगाडा लाकडी आणि बाकांना काथ्याची गादी. लाकूड आणि काथ्या दोन्ही ओल धरतात. पावसाळ्यात खिडक्या लावून घेतल्या की ओली घोंगडी, विडीचा धूर आणि भाजीच्या पाट्या यांचा एकत्र दर्प त्यांत मुरत असे. पुढे रेक्झिन आले आणि ओल्या फडक्याने बाक पुसता येऊ लागले. गाडीतल्या वासाच्या इतिहासात या साध्या बदलाचे मोल कोणत्याही अत्तरापेक्षा अधिक आहे.

कुकडी प्रकल्पाचे पाणी शिवारात आल्यावर भाजीपाला वाढला, नारायणगावचा टोमॅटो बाजार भरू लागला आणि मालवाहतूक आधी टेम्पो-मॅटाडोरवर, मग पिकअपवर आली. बाजारात २० किलोच्या क्रेटवर भाव ठरतो. त्या क्रेटच्या तळाचा एखादा टोमॅटो फुटला, की रस फटीतून हौद्यात उतरतो, पत्र्याच्या सांध्यात साचतो आणि आंबतो. कांद्याचा दर्प गंधकयुक्त संयुगांचा. तो कापडी सीटमध्ये बसला की सहज निघत नाही. सांडलेले दूध सर्वांत चिवट. त्यातली साखर आंबून लॅक्टिक आम्ल होते, स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल सुटते, आणि खवट वास मॅटखालच्या फोममधून उन्हात पुन्हा पुन्हा वर येतो.

आधुनिक कार-फ्रेशनरची जन्मकथाही दुधापाशीच जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन गावात दूध पोचवणाऱ्या एका चालकाने सांडलेल्या दुधाच्या वासाची तक्रार केली, आणि रसायनतज्ज्ञ ज्युलियस सेमान यांनी १९५२च्या सुमारास सूचिपर्णी झाडाच्या आकाराचा सुगंधी कागद तयार केला, असे सांगतात. आरशाला लटकणारे ते झाड पुढे देशोदेशी गेले.

मराठी चालकाची रीत वेगळी होती. सकाळी गाडी सुरू करण्याआधी डॅशबोर्डवरच्या देवापुढे उदबत्ती, आरशाला झेंडूचा किंवा शेवंतीचा हार. ही पूजा होती. सुवास तिच्यासोबत येई. दसऱ्याला मात्र गाडी खरोखर स्वच्छ होते: मॅट काढून वाळवतात, हौदा पाण्याने धुतात, मग हार, नारळ, चाकाखाली लिंबू. वर्षभराचा आंबूस थर त्या धुण्यानेच सुटतो.

'नव्या गाडीचा वास' ही कल्पना बरीच अलीकडची. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, पुढे मध्यमवर्गीय घरांत नवी मोटार दिसू लागली, आणि सीटवरचे प्लॅस्टिक महिनोन् महिने न काढण्याची हौसही रुजली. तो वास म्हणजे प्लॅस्टिक, फोम, व्हिनाइल आणि डिंकातून उडणारी टोल्युइन, झायलीन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी संयुगे. उन्हात तापलेल्या बंद गाडीत त्यांचे प्रमाण वाढते, आणि फॉर्मल्डिहाइड तर डोळ्यांना व घशाला झोंबते. म्हणून जपानच्या मोटार उत्पादकांनी २००५मध्ये स्वेच्छेने मर्यादा आखून घेतल्या. २०१२पासून चीनमध्येही मार्गदर्शक मानके लागू झाली. जपून ठेवावा असा हा वास नाही. प्लॅस्टिक काढून टाकावे आणि उन्हातून आलेल्या गाडीच्या काचा आधी उघडाव्यात.

जुना दर्प घालवायचा तर त्याचे मूळ गाठावे लागते. आम्लाच्या वासावर खाण्याचा सोडा चालतो. त्याने आम्लाचे क्षार होतात आणि ते हवेत उडत नाहीत. सोडा रात्रभर पसरून सकाळी झाडून घेतात. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा वासाचे रेणू पृष्ठभागावर धरून ठेवतो. कापूर आणि टांगता सुगंध फक्त दर्प झाकतात, त्यामुळे मॅटखाली दूध मुरलेले असेल तर दोन्ही वास एकत्र येऊन गाडीत बसणे अधिकच नकोसे होते. अशा वेळी मॅट उचलून तळ धुणे आणि कडक उन्हात दारे उघडी टाकणे याला पर्याय नाही.