दोन अक्षरांचं नाव

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेव्हा चीनचं जपानशी युद्ध चालू होतं. जखमींवर उपचार करताकरता ते चिनी शिकले.

आपल्याला बाराखडी आली की कुठलाही शब्द लिहिता येतो. चिनी लिपीत बाराखडी नाही. हजारो अक्षरं एकेक करून शिकायची. प्रत्येकाचा उच्चार वेगळा लक्षात ठेवायचा, अर्थही. आधी कुठली रेघ काढायची, तेही ठरलेलं.

पथकातल्या डॉक्टरांनी चिनी नावं घेतली. शेवटचं अक्षर ‘ह्वा’, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दि-ह्वा. तिथल्याच ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९४२ साली मुलगा झाला, त्याचं नाव यिन-ह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर वारले.

अर्थ ठाऊक नसेल तर त्या नावात नुसत्या रेघा दिसतात. ठाऊक असेल तर बापाचा देश आणि आईचा देश शेजारी बसलेले दिसतात.

शिरोड्यात आपणही अंगठा सोडून सहीवर आलो. आता ठरावाच्या वहीत, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचूया. कळलं नाही तर विचारूया, मगच सही.